नवस तुमचा, कपाळ त्यांचे

जालना, आश्विन वद्य द्वितीया, शके १८६१

आसरावन्संना,

वडील नणंदेला साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. पण साष्टांग या शब्दाचीच मला आता धास्ती बसली आहे, म्हणून नुसता नमस्कार. तोही तुम्ही वयाने मोठ्या म्हणून.

तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा पत्र तुमचे यजमान भुजंगराव भाऊजीच वाचून दाखवतील. भाऊजी, हात जोडून सांगते, लिहिले आहे ते बराबर तसेच वाचा. मामंजींच्या वर्षश्राद्धाच्या वेळी माझ्या पत्रातले टोचणारे शब्द तुम्ही गाळले होते, हे मला ठाऊक आहे. या वेळी गाळलेत तर पुढचे पत्र तुमच्या तीर्थपुरीच्या मास्तरांच्या नावाने टाकीन, मग ते चावडीसमोर वाचले जाईल.

वन्सं, तुमच्या भावाचा डावा डोळा बसला आहे. उजवा काचबिंदूने कधीच गेला होता, तेव्हा हा एकच उरला होता. अडतीवर कापसाचा पुंजका दोन बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगणारा माणूस परवा तिन्हीसांजेला मला विचारतो, दिवा लावलास का. दिवा त्यांच्या समोर जळत होता.

काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी मी लिहिते, कारण तुम्ही केलेत ते एकदा तुमच्या कानावर धड वाक्यांत पडायला हवे.

भादव्यात शस्त्रक्रिया झाली तेव्हा तुम्ही इथे दवाखान्यातच होतात. देवसहायम डॉक्टर मद्रासकडचे, त्यांना मराठी येते थोडेच, पण त्यांनी आपल्या दखनीत सगळे फोड करून सांगितले. डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होते, त्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही म्हणजे डोळा फुगून कडक होतो आणि आतली शीर वाळते, तोच काचबिंदू. तुम्हाला पटेना, म्हणून त्यांनी तुमचे बोट धरून यांच्या मिटल्या पापणीवर ठेवले. "अगं बया, सुपारीवानी लागू राह्यलं की," असे तुम्ही म्हणालात. मग डॉक्टर म्हणाले, वरच्या बाजूला पांढऱ्यावर बारीक छेद ठेवू, त्यातून पाणी कातडीखाली झिरपेल आणि डोळा मऊ होईल. पुढे त्यांनी आणखी पुष्कळ सांगितले. दीड महिना वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, डोळ्याला हात लावायचा नाही. ते मी ऐकले. तुम्ही 'मऊ' हा एकच शब्द पदरात बांधून घेतलात.

नवरात्रात तुम्ही आमच्याकडे अंबडला आलात. अष्टमीला डोळ्यात घालायचे थेंब संपले म्हणून मी सकाळच्या मोटारीने जालन्याला गेले. भाऊ बहिणीपाशी आहे, म्हणून निर्धास्त गेले. माझी पाठ वळली आणि तुम्ही त्यांच्या पापणीवर बोट ठेवलेत. तुमच्या भावानेच मला हे सांगितले, तेही दोन दिवस खोदून विचारल्यावर. तुम्ही म्हणालात, "कडूबा, जांभळावानी मऊ झाला रे. आई पावली. आता नवस फेडाया पाहिजे."

तो नवस मला कोणी सांगितला नव्हता. माझ्या भावाचा डोळा मऊ होऊ दे, तो पायरीपायरीला माथा टेकवीत तुझ्या दारी येईल, असे तुम्ही टेकडीवरच्या मत्स्योदरीला बोलला होतात. तुमचा भाऊ येईल. तुम्ही नव्हे. आणि मी मोटारीने परत येण्याआधीच तुम्ही त्यांना टेकडीवर नेऊन पायरीपायरीला वाकवलेत.

मऊ झाला म्हणजे बरा झाला, असा हिशेब तुम्ही मांडलात. वन्सं, ताप उतरला की आपण बरे वाटले म्हणतो. अंगच गार पडले तर त्याला कोणी बरे म्हणत नाही. काल डॉक्टरांनी डोळा तपासला. मग म्हणाले, "बाई, हवा निकल गई सो गेंद देखे क्या? वैसी आँख हो गई." छेदातून पाणी हवे त्यापेक्षा फार जास्त वाहून गेले आहे. डोळा आतून चेपला आहे, बुबुळ पुढच्या काचेला टेकू लागले आहे, मागचा पडदा उचलला गेला आहे. असा डोळा फार दिवस राहिला तर कायमचा जातो.

आता दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. डाव्यावर कापसाची घडी ठेवून घट्ट आवळली आहे, म्हणजे छेद दाबून राहील. चोवीस तास उताणे पडून राहायचे. डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या लावल्या आहेत. खोकायचे नाही, कण्हायचे नाही, धोतराची गाठसुद्धा मीच बांधते.

अष्टमीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना धुके दिसू लागले होते. तुम्ही दसऱ्याचे सोने वाटून, आपट्याची पाने सगळ्यांच्या हातावर ठेवून तीर्थपुरीची गाडी धरलीत, तोवर ते गप्प राहिले. तुमच्या डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून त्यांनी आपल्या डोळ्याचे पाणी जाऊ दिले.

आमच्या दारात पाऊल ठेवू नका. दवाखान्यातही येऊ नका. एवढेच सांगायला पत्र लिहिले.

गोपिका

जालना, आश्विन वद्य द्वादशी

वन्सं,

भाऊजींच्या हातचे कार्ड पोहोचले. तुम्ही सांगितलेले शब्द त्यांनी न गाळता लिहिले आहेत, हे मी मानते. वाचून माझ्या हातापायांची आग झाली.

तुमचे म्हणणे असे, की डोळा गेला तो नवस अर्धा राहिला म्हणून. निम्म्या चढावर कडूबा बसला, वरपर्यंत आला नाही, आई कोपली. तेव्हा त्याला जरा उठता आले की उरलेल्या पायऱ्या जल्दी चढव, आणि तोवर तुम्ही मीठ सोडले आहे.

ते निम्म्या चढावर का बसले, हे माझ्याकडून ऐका. झुंबरबाई गुरवीण त्या वेळी पायऱ्या झाडत होती, तिने मला सांगितले. यांच्या डोळ्यापुढे अंधारी आली, त्यांनी हाताने पायरी चाचपली आणि भिंतीला टेकून बसले. घाम सुटला होता. आणि तुम्ही आजूबाजूच्या बायांना सांगत होतात, "हात लावू नगा, आई अंगात येऊ राह्यली." माणसाचा डोळा आत बसत चालला होता आणि तुम्ही त्याच्यावरून लिंबू उतरवीत होतात.

तुम्हाला वाटेल, गोपिका शिकलेली, वऱ्हाडात मॅट्रिक झालेली, तिला देवधर्माचे काय. तुम्ही हे पूर्वी बोललाही आहात, पाणवठ्यावर, मला ऐकू जाईल अशा बेताने. तर ऐका. मत्स्योदरीच्या नवरात्राचे नऊ दिवस मी लग्न होऊन आल्यापासून एकदाही चुकवलेले नाहीत. अंगात ताप असतानाही पायात वहाण न घालता टेकडी चढले आहे. इथे दवाखान्यातल्या पत्र्याच्या कपाटावर तिचा टाक ठेवला आहे, रोज पहाटे पाणी घालते, मग यांचे तोंड पुसते. देवीवर माझा तुमच्यापेक्षा रतीभरही कमी विश्वास नाही. म्हणूनच मी सांगते, तुम्ही तिला सावकारीण समजलात. अर्धे दिले म्हणून डोळा ओढून नेणारी. माझी देवी अशी नाही. अशी असती तर मी तिच्यापुढे वातही लावली नसती.

आणि नवस बोलायची ही कुठली रीत? मी उपास करीन, मी अनवाणी येईन, मी खण भरीन, असे बोलतात. तुम्ही जीभ आपली वापरलीत आणि कपाळ दुसऱ्याचे. माझ्या नवऱ्याचे. त्याच्या अंगावर नवस बोलताना त्याला विचारले नाहीत, मला विचारले नाहीत, ज्याने डोळ्यात सुई घातली त्या डॉक्टरला तर नाहीच नाही.

मीठ सोडलेत ते पुन्हा धरा. तुमच्या अळणी भाकरीने इथली पट्टी घट्ट होत नाही.

इथे काय चालले आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला उरलेल्या पायऱ्या सुचणार नाहीत. रोज सकाळी डॉक्टर पट्टी सोडतात. थेंब टाकून डोळा बधिर करतात आणि एक बारीक यंत्र डोळ्याच्या पुढच्या काचेवर ठेवतात, त्याला सुई असते. डोळ्यात दाब असला तर सुई थोडीशीच सरकते, नसला तर पार पलीकडे जाऊन पडते. रोज पलीकडे जाऊन पडते. मग बाहुली मोठी करायचे थेंब, मग पुन्हा घडी, पुन्हा पट्टी. डॉक्टर जाईपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे बघत असते. ते माझ्याकडे बघत नाहीत.

शेजारच्या खोलीतल्या बाईने काल मिरचीची फोडणी दिली, ठसका लागून यांनी जरा मान उचलली. मी जाऊन तिच्याशी भांडले. ती म्हणाली, मावशी, आमच्या म्हाताऱ्याला तिखटाबिगर घास उतरत नाही. मी म्हणाले, मग अंगणाच्या त्या टोकाला चूल मांड. आता ती माझ्याशी बोलत नाही. न बोलणाऱ्या बायांची मला सवय आहे.

भाऊबीजेला तुम्ही ओवाळायला याल, असे यांना वाटते. दोनदा विचारले. मी ऐकलेच नाही असे केले. येऊ नका.

गोपिका

जालना, कार्तिक शुद्ध दशमी

वन्सं,

तुम्ही आला नाहीत. कार्डही नाही. बरे केलेत.

पट्टीने भागले नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावले. म्हणाले, छेदावरची कातडी ओढून रेशमाचा टाका घालावा लागेल. कमी ओढली तर पाणी असेच जात राहील. जास्त ओढली तर वाट बंद होऊन डोळा पुन्हा दगडासारखा होईल आणि मग काही इलाज नाही. नरम नको, कडकही नको, मधले कुठेतरी जमायला हवे. विचारले, घरात कोणी पुरुष माणूस आहे का. मी म्हणाले, जो आहे तो तुमच्या खाटेवर पडला आहे. मग त्यांनी कागद माझ्यापुढे केला आणि मी सही केली. अक्षर वळणदार आले. तुम्ही शेजारी असतात तर काय म्हणाला असतात, हे त्या वेळी माझ्या मनात आले. याचाही मला राग आला.

सही करण्याआधी मी एक विचारून घेतले. छातीवर दगड ठेवून विचारले, की हे सगळे त्या पायऱ्यांमुळे झाले ना. मला हो ऐकायचे होते. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, सच बोलूँ? छेद में से पानी शायद पहले से ज्यादा जा रहा था. झुकने से बिगड़ा, ये बराबर. मगर कित्ता किससे, मैं नहीं बोल सकता." मी पुन्हा विचारले. ते पुन्हा तेच म्हणाले.

म्हणजे अष्टमीला तुम्ही बोट ठेवलेत, तेव्हाच तो डोळा हवा त्यापेक्षा मऊ होता. तुम्ही बोट ठेवलेत ते चुकीच्या डोळ्यावर नव्हते, फक्त अर्थ उलटा लावलात. हे मी तुम्हाला कळवले नसते तर कोणाला कळणार नव्हते. कळवते, कारण खोटा राग मला परवडत नाही. खराच पुष्कळ आहे.

आता त्या खऱ्यातले ऐका. टाका घातल्यावर त्या रात्री यांना झोप नव्हती. हलायचे नाही म्हणून बोलत होते. मी म्हणाले, आक्काने तुम्हाला ओढत नेले आणि तुम्ही गेलात. तर म्हणाले, "तिनं ओढलं न्हाई. मीच गेल्तो." मी म्हणाले, डॉक्टरने सांगितलेले ठाऊक असून? तर म्हणाले, "ठाऊक व्हतं. तरी बी गेलो. माय मेली तव्हा मी रांगत होतो, आक्काच्या कडंवर वाढलो. तिनं माझ्यासाठी देवीला शब्द दिल्ता. तिचा शब्द खाली कसा पडू द्यायचा?"

आणि माझा? मीही डॉक्टरला शब्द दिला होता, की यांना वाकू देणार नाही. तो कोणी उचलून धरायचा? हे मी त्यांना विचारले नाही. पट्टी बांधलेल्या माणसाला असे विचारत नाहीत. म्हणून तुम्हाला विचारते.

वन्सं, तुम्ही आडदांडपणाने नेले असते तर मला सोपे गेले असते. चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुम्ही मायेने नेलेत आणि ते मायेने गेले. त्या मायेत मला कुठे जागाच ठेवली नाहीत. दोघांनी मिळून तो डोळा असा वापरलात, जसा काही तुमच्या माहेरचा होता.

टाका कसा बसला ते पंधरवड्याने कळेल.

गोपिका

अंबड, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

वन्सं,

परवा घरी आलो. भाऊजी, हे पत्र जरा सावकाश वाचा. मागच्यासारखे झरझर वाचू नका.

टाका जमला. यंत्राची सुई आधी थोडी अडली, मग रोज थोडी थोडी अलीकडे थांबू लागली, आणि एके सकाळी डॉक्टरांनी ती दोनदा ठेवून पाहिली. मग यंत्र बाजूला ठेवून पापणीवर आपली दोन बोटे ठेवली आणि म्हणाले, "ठीक." एवढेच. मी खाली बसले.

दिसते, पण पूर्वीसारखे नाही. दार कुठे आहे, खिडकी कुठे आहे ते कळते. माणूस उजेडात, दोन हातांवर बसले तर चेहरा दिसतो. कापसाचा धागा आता दिसणार नाही. अडतीवर रखमाजीला निरोप धाडला, की दुसरा पारखी बघा. हे मी सांगितले तेव्हा ते उशीच्या फाटक्या शिवणीतून कापूस काढून बोटांनी ओढत बसले. डॉक्टर म्हणाले, आहे ते जपा. किती वर्षे राहील ते ते सांगू शकत नाहीत. काचबिंदू बरा होत नाही, थोपवता येतो.

काल झुंबरबाई प्रसाद घेऊन आली. यांच्यासमोर गोड बोलली, आणि मला परसात ओढून नेऊन म्हणाली, "मालकीणबाई, तुमची नणंद आल्ती की पुनवेला. तुम्हाला ठावं न्हाई?" मी म्हणाले, आमच्याकडे तर कोणी आले नाही. मग तिने सांगितले. कार्तिकी पौर्णिमेला तुम्ही एकट्याच मोटारीतून उतरलात. पायथ्यापासून सुरुवात केलीत, निम्म्यापासून नव्हे. पायरीपायरीला माथा टेकलात. गुडघे सोलले, मधे दोनदा बसलात, झुंबरबाईने पाणी पुढे केले तर घेतले नाहीत. वर पोहोचायला दुपार कलली. तिने विचारले, भाऊ कसा आहे. तर तुम्ही म्हणालात, "त्याचं काई देणं ऱ्हायलं न्हाई. जे व्हतं ते माझंच व्हतं." आणि खाली उतरून आल्या वाटेने परत गेलात.

हे ऐकून माझा राग शांत झाला असेल, असे तुम्हा दोघांना वाटत असेल. झाला नाही. उलट भडकला. टेकडीवरून आमचे घर दिसते. शेजारच्या दुर्गाबाईंपाशी किल्ली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. सोललेल्या गुडघ्यांनी तुम्ही आमच्या दारावरून गेलात आणि आत येऊन घोटभर पाणी प्यायला नाहीत, कारण मी लिहिले होते दारात पाऊल ठेवू नका. जन्मात माझे एक ऐकले नाहीत. माझ्या हातचे वरण पातळ, माझा पदर डोक्यावर नीट नसतो, माझे शिक्षण जास्त. आणि ऐकले ते नेमके हे. या वयात त्या पायऱ्यांवर तुमचे काही बरेवाईट झाले असते, तर मी यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? तुम्हाला माझा विचार तेव्हाही शिवला नाही.

मी यांना हे सांगितलेले नाही. सांगितले तर ते उठून तीर्थपुरीला चालत निघतील.

काल पट्टी कायमची सोडल्यावर त्यांनी पहिले काय विचारले, सांगू? दीड महिना ज्यांची मान मी हलू दिली नाही, ज्यांच्या तोंडात चमच्याने पेज घातली, त्यांनी डोळा उघडून माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मागे दाराकडे पाहिले आणि म्हणाले, आक्का आली न्हाई का?

मी स्वयंपाकघरात गेले. भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासली.

तर आता या. डोळा किती दिवस आहे ते कोणाला ठाऊक नाही आणि त्याला तुमचे तोंड बघायचे आहे. माझ्या रागापायी ते राहून गेले, असे मला माझ्या डोक्यावर नको. या रविवारच्या मोटारीने या. जेवायला वाढीन, मीठ घालून वाढीन, ते मुकाट्याने खा. माझ्याशी बोलायची गरज नाही. मीही बोलणार नाही. ज्या दिवशी बोलायचे होईल त्या दिवशी आधी भांडणच होईल, आणि ते व्हायचे आहे हे लक्षात ठेवा.

काही गोष्टी नीट ऐका. त्यांच्या पापणीला बोट लावायचे नाही. कडक की मऊ ते डॉक्टर बघतील. अंगारा, लिंबू, कुंकवाचा मळवट काही आणू नका. खिडकीसमोर पाट मांडून ठेवीन, त्यावर उजेडाकडे तोंड करून बसा, म्हणजे त्यांना दिसाल.

आणि मुख्य हे. तुम्ही दारात दिसलात की ते उठतील आणि तुमच्या पाया पडायला वाकतील. भाऊबीजेला वाकतात, सणावाराला वाकतात, परवा झोपेतही एकदा हात जोडून आक्का म्हणाले. डॉक्टरांनी अजून वाकायला बंदी केली आहे. मी सांगून पाहिले, ते नुसते हसतात. तेव्हा उंबऱ्याच्या आत आल्याबरोबर दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरा आणि सरळ उभे करून ठेवा. वाकू नको म्हणून सांगा. माझे ते ऐकणार नाहीत, तुमचे ऐकतात. माझे सगळे भांडण तेवढ्याचेच आहे.

गोपिका